पाइन रिजचा एजंट आणि हाकलून दिलेला पाद्री

अमेरिकेच्या डाकोटा प्रदेशातील पाइन रिज या राखीव प्रदेशातून 1879 साली बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे फादर मेनराड मॅकार्थी यांना एजंट (राखीव प्रदेशाचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी) मॅकगिलीकडी यांनी बाहेर काढले, ते केवळ वैयक्तिक कॅथलिकद्वेषातून, असे आजही सांगितले जाते. (येथील ‘राखीव’चा आपल्याकडील आरक्षणाशी संबंध नाही, आदिवासी जमातींसाठी वेगळ्या काढलेल्या जमिनीला ही संज्ञा आहे.) मॅकगिलीकडी यांचा स्वभाव हेकट होता हे खरे, परंतु एवढ्यावर सारे खापर त्यांच्या माथी फोडल्यास मूळ कारण झाकले जाते.

अध्यक्ष ग्रँट यांच्या ‘शांतता धोरणा’नुसार 1870 नंतर राखीव प्रदेश निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना वाटून देण्यात आले होते आणि पाइन रिज एपिस्कोपल या बिगर-कॅथलिक पंथाच्या वाट्याला आले होते, त्यामुळे दुसऱ्या पंथाच्या पाद्र्याला तेथे राहू न देणे हे एजंटला सरकारी नियमाचे पालनच वाटत होते.

या वाटणीत ज्यांचे मत विचारलेच गेले नाही, ते पाइन रिजचे रहिवासी असलेले लाकोटा जमातीचे लोक होते, आणि मला हीच बाब सर्वाधिक खटकते. त्यांचे नेते रेड क्लाउड यांनी 1877 मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष हेस यांच्यापुढे ‘काळे झगेवाले’, म्हणजे पायघोळ काळा झगा घालणारे कॅथलिक पाद्री, स्पष्टपणे मागितले होते. ते धोरण मागे पडल्यावर, 1888 मध्ये, जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी पाइन रिज येथे होली रोझरी मिशन उभारले. रेड क्लाउड यांची कबर तेथील दफनभूमीत आहे.