कोंडलेली वाफ आणि न वितळणारा कोळसा

भंगारवाल्यापुढे फुटकी प्लास्टिकची बादली, कुकरचा तुटका दांडा, जळका होल्डर आणि जुन्या स्टार्टरचे काळे तुकडे ठेवून पाहा. स्टार्टरमधल्या पितळेच्या पट्ट्या तो उपसून घेईल, फुटकी बादली काट्यावर टाकेल आणि काळे तुकडे तुमच्याच दारात सोडून पुढच्या गल्लीत जाईल. ते वितळत नाहीत, म्हणून त्याच्या लेखी त्यांना भाव नाही. त्याचं हे रसायनशास्त्र पक्कं आहे. उलट शाळकरी निबंधांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्य-सल्ल्यांत 'प्लास्टिक तापलं की वितळतं' असं सरसकट ठोकून दिलेलं असतं. हे काळे तुकडे बॅकेलाइटचे, आणि बॅकेलाइट वितळत नाही. फारच तापवलं तर त्याचा कोळसा होतो. आणि हा कोळसा हवा लागू न देता, अगदी सावकाश केला, तर तो चकचकीत, काचेसारखा टवके उडणारा आणि तरीही वीज वाहून नेणारा पदार्थ बनतो. त्याला ग्लासी कार्बन म्हणतात. बॅकेलाइट असो की ग्लासी कार्बन, दोन्हींच्या शोधात अडचण एकच होती: आत तयार होणाऱ्या वायूचं करायचं काय?

बॅकेलाइटचा कच्चा माल दोनच गोष्टी, फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच हे दोन्ही एकत्र आणले होते. भांड्याला चिकटून बसणारा राळेसारखा चिकटा मिळाला. त्यांना रंगद्रव्यांत रस होता, चिकट्यात नव्हता. ते पुढे गेले. पुढची तीसेक वर्षं ज्यानं त्यानं हाच चिकटा भांड्यातून खरवडून टाकला.

लिओ बेकलँड हे मूळचे बेल्जियमच्या गेंटचे. फोटोच्या कागदाचा आपला शोध त्यांनी १८९९ मध्ये कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनला विकला आणि न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला स्वतःची प्रयोगशाळा थाटली. त्यांना हवा होता लाखेला पर्याय. ही लाख आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांची. विजेचा धंदा वाढला, तारांवर आणि यंत्रांवर लेप द्यायला लाख लागायची, आणि किडे काही कारखान्याच्या मागणीप्रमाणे वाढत नाहीत.

फिनॉलच्या षटकोनी कड्यावर जोडणीच्या तीन जागा असतात. फॉर्माल्डिहाइड दोन कड्यांना जोडणारा दुवा बनतो. दोनच जागा असत्या तर लांब साखळ्या झाल्या असत्या आणि तापवल्यावर एकमेकींवरून घसरल्या असत्या, म्हणजेच पदार्थ वितळला असता. तीन जागांमुळे सगळ्या दिशांनी जाळं विणलं जातं. पूर्ण पिकलेला कुकरचा दांडा हा जवळजवळ एकच अवाढव्य रेणू असतो. घसरायला आत मोकळं काही उरतच नाही.

पण प्रत्येक दुवा जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तापमान शंभराच्या वर गेलं की त्याची वाफ होते आणि घट्ट होत चाललेल्या रेझिनला, म्हणजे त्या राळेसारख्या चिकट्याला, फुगवते. हाती येतो भोकांचा ठिसूळ गोळा. बेकलँडच्या आधीच्यांनी यावर तापमान कमी ठेवायचा शहाणपणा केला, पण मग पदार्थ दिवसेंदिवस पिकतच नसे. बेकलँड यांनी उलटा डाव टाकला. उष्णता आणखी वाढवली, दीडशे अंशांच्या वर नेली, आणि सोबत बाहेरून दाब दिला. दाबाखाली वाफेला बुडबुडा करायला जागाच मिळत नाही. त्यासाठी अंड्याच्या आकाराचं जाड पोलादी भांडं बनवलं, त्याचं नाव बॅकेलायझर. 'उष्णता आणि दाब' या पेटंटचा अर्ज जुलै १९०७ चा, ते मिळालं डिसेंबर १९०९ मध्ये. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न हेही त्याच वाटेवर होते. पेटंट कचेरीत ते एक दिवस उशिरा पोचले.

बेकलँड यांची दुसरी करामत मला जास्त आवडते. ही क्रिया मधेच थांबवता येते, हे त्यांनी ओळखलं. अर्धवट पिकलेलं रेझिन थंड करून दळलं की पावडर मिळते, आणि ती साच्यात एकदाच, फक्त एकदाच, मऊ होते. मोल्डिंगचा सगळा धंदा या 'एकदाच'वर उभा आहे.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एखाद्या मोल्डिंगच्या शेडमध्ये जरा वेळ उभं राहिलं की हे दिसतं. पावडरमध्ये रेझिनशिवाय लाकडाचं बारीक पीठ, काळा रंग आणि हेक्सा नावाचा हार्डनर मिसळलेला असतो. डाय, म्हणजे साचा, एकशे साठ-सत्तर अंशांवर. प्रेस मिटला की दर चौरस सेंटीमीटरला दीड-दोनशे किलोचा दाब बसतो, पावडर मऊ होऊन डायच्या कानाकोपऱ्यात शिरते. आणि मग, नवख्याला वाटेल काहीतरी बिघडलं, ऑपरेटर प्रेस क्षणभर वर उचलतो. फुस्स आवाज येतो, अमोनियाचा भपका थेट डोळ्यांत जातो आणि प्रेस पुन्हा खाली येतो. याला ब्रीदिंग म्हणतात. हेक्सा तुटताना निघालेला अमोनिया, पावडरमधला ओलावा, अडकलेली हवा, सगळं तेवढ्यात बाहेर. ब्रीदिंग चुकलं तर पार्टवर फोड येतात. उशिरा केलं तर वरची कातडी आधीच पिकलेली असते आणि तिला तडा जातो. जुना ऑपरेटर घड्याळ न बघता ती वेळ साधतो. मिनिट-दोन मिनिटांत पार्ट बाहेर, कडेला आलेला जादा पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, कानशीनं घासला की काम संपलं. बेकलँड यांनी वाफ दाबून धरली. शेडमध्ये ती आधी थोडी सोडतात आणि मग दाबतात.

आता कोळशाकडे. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर व्होल्टेज कमी झालं की थरथरतो, कॉन्टॅक्टमध्ये ठिणग्या उडतात, धूळ आणि ओल आधीच असते. एक दिवस मोटार बंद करूनही पेटीत चरचर ऐकू येते. वायरमन पेटी उघडतो, दोन पट्ट्यांमधल्या बॅकेलाइटवर उमटलेली काळी, फांद्या फुटलेली रेघ दाखवतो आणि म्हणतो, "कार्बन धरलाय." पॉलिश पेपरनं घासून तो वेळ मारून नेतो. पण झालेलं असतं असं की वीज अडवायला लावलेला पदार्थच वीज वाहायला लागलेला असतो. फिनोलिक रेझिनचा, म्हणजे बॅकेलाइटसारख्या फिनॉलपासूनच्या रेझिनचा, हा कुप्रसिद्ध दोष आहे. हीच क्रिया मुद्दाम, पूर्ण आणि शिस्तीत केली तर दोषाचा गुण होतो.

ती शिस्त सापडली १९५० च्या दशकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला. कार्बोरंडम कंपनीच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड रेडफर्न सिरॅमिकचे नमुने भट्टीत घालताना ते सेलोटेपनं बांधत. निष्क्रिय वायूत भाजून झाल्यावर टेप नाहीशी व्हायला हवी होती. ती कार्बन होऊन, आपला आकार बऱ्यापैकी राखून, तिथंच बसलेली दिसली. मग त्यांनी आकार न सोडता कार्बन होणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू केला आणि गाडी फिनोलिक रेझिनवर येऊन थांबली. त्याच्या मुशी त्यांनी बनवल्या. १९६२ मध्ये यामादा आणि सातो या जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये अशा कार्बनचे गुणधर्म मांडले आणि ग्लासी कार्बन हे नाव रुळलं.

कृती ऐकायला सोपी आहे: पिकलेला रेझिनचा पार्ट नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये हजार अंशांपर्यंत तापवा. पण तीनशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान जाळं आतून मोडून नव्यानं जुळत असतं. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, सुटं झालेलं फिनॉल, सगळं एकदम निघू पाहतं. त्यापुढे षटकोनी कडी एकमेकांना चिकटत जातात आणि हायड्रोजन सुटत राहतो. साधारण सहाशे ते आठशे अंशांत विद्युतरोध कोसळतो. वायरमनची काळी रेघ इथली. शेवटी वजन उरतं निम्म्याहून थोडं जास्त. प्रत्येक बाजू सुमारे पाचव्या हिश्शानं आखडते. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ करा, ०.५१ येतं, म्हणजे आकारमान निम्मं. आणि तरीही पार्ट वाकडा होत नाही, कारण जाळं सगळ्या दिशांनी सारखंच आखडतं.

एवढा वायू काढणार कसा? इथं प्रेस उचलायची सोय नाही. वायूला भरीव पदार्थातून झिरपतच पृष्ठभागापर्यंत यावं लागतं. झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो: जाडी दुप्पट, वेळ चौपट, तीन मिलिमीटरऐवजी बारा घेतले तर सोळापट. तापमान त्याहून घाईनं चढवलं तर आतला दाब पार्टला फोडतो. म्हणून या टप्प्यात भट्टी तासाला जेमतेम काही अंशांनी चढवतात, एक भाजणी कित्येक दिवस चालते, आणि ग्लासी कार्बनच्या वस्तू सहसा काही मिलिमीटरच जाड असतात. बेकलँड यांनी वाफेशी कुस्ती केली. इथं वाट पाहण्याशिवाय इलाज नाही.

पण मग हा कोळसा ग्रॅफाइट का होत नाही? ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे सपाट थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक नीट बसलेले असतात, म्हणून पेन्सिल कागदावर घसरते. याचं मूळ रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये दाखवलं. हो, डीएनएच्या छायाचित्रामुळे माहीत असलेल्या त्याच. पण त्याआधीच कोळशाच्या अभ्यासानं त्यांचं नाव झालं होतं. कार्बनचे दोन वंश आहेत, असं त्या म्हणाल्या. पीव्हीसीसारखे पदार्थ कार्बन होताना वाटेत पातळ होतात, तेव्हा थरांना वळून समांतर व्हायला उसंत मिळते आणि पुढे तापवलं की ग्रॅफाइट बनतं. दुसऱ्या वंशाचे पदार्थ पातळ न होताच घट्ट होतात. त्यांचे लहान लहान थर आडवेतिडवे जखडले जातात आणि तीन हजार अंशांवरही सरळ होत नाहीत. फिनोलिक रेझिन या दुसऱ्या वंशातलं. म्हणजे मोल्डिंगवाल्याला हवा असलेला 'पुन्हा न वितळण्याचा' गुण राख होण्याच्या तापमानापलीकडेही आपली छाप ठेवून जातो. १९७१ मध्ये जेंकिन्स आणि कावामुरा यांनी चित्र मांडलं ते वळ्या पडून गुंतलेल्या फितींचं; नंतरच्या संशोधकांनी फुलरीनसारखे (फुलरीन म्हणजे कार्बनचा चेंडूसारखा पोकळ रेणू) वक्र, पंचकोन असलेले तुकडे सुचवले. वाद मिटलेला नाही. मोजमाप मात्र स्पष्ट आहे: ग्रॅफाइटची घनता २.२६, ग्लासी कार्बनची सुमारे १.५. म्हणजे तिसरा हिस्सा पोकळी. पण त्या पोकळ्या नॅनोमीटरच्या आणि बंद, एकमेकींना न जोडलेल्या, त्यामुळे हेलियमसुद्धा आरपार जवळजवळ जात नाही.

याच दुसऱ्या वंशाचा एक नैसर्गिक भाऊ रशियातल्या करेलियात सापडतो, शुंगाइट. तो हल्ली आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो, गळ्यात घालायला, 'मोबाइलच्या लहरी शोषून घेणारा' म्हणून. वीज वाहणारा पदार्थ लहरी अडवतो, पण त्यानं मधली वाट पूर्ण झाकली तर. गळ्यातला खडा कशालाच झाकत नाही. आणि त्यानं खरोखर लहरी गिळल्या असत्या तर गिऱ्हाइकाचा फोन लागलाच नसता. काळा दोरा निदान दहा रुपयांत मिळतो.

खरे उपयोग बघा. बहुतेक आम्ल-अल्कलींना दाद न देणाऱ्या मुशी. विद्युत-रसायनाच्या प्रयोगशाळेतला तीन मिलिमीटरचा काळा आरसा, म्हणजे इलेक्ट्रोड, जो संशोधक विद्यार्थी अॅल्युमिनाच्या पावडरीवर इंग्रजी आठ काढत तासन्‌तास घासतात. त्यावर पारा किंवा बिस्मथचा पातळ थर देऊन बोअरच्या पाण्यातलं अब्जांशात असलेलं शिसंही मोजता येतं. वितळती काच त्याला चिकटत नाही म्हणून बारीक भिंगं दाबायचे साचे त्याचे करतात. साच्यात जन्मलेला पदार्थ स्वतःच साचा झाला. हवेत मात्र पाच-सहाशे अंशांपुढे तोही जळतो. ती मर्यादा कुणी चुकवलेली नाही.

इस्रोच्या घन इंधनाच्या मोटारींच्या नोझलमध्ये कार्बन-फिनोलिकचं अस्तर असतं. तिथं उलट वायू निघायलाच हवा असतो: रेझिन जळत कोळसा होतं, सुटणारा वायू पृष्ठभागावर तुलनेनं थंड पडदा धरतो आणि कोळसा मागचं धातूचं अंग वाचवतो.

जाडीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, फक्त टाळलेला आहे. आधीच कार्बन केलेली पूड रेझिनमध्ये मिसळली तर वायू कमी निघतो, आखडणंही कमी होतं, पण माल तितका हवाबंद राहत नाही. दुसरी वाट बारीक होण्याची. जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लेझरनं रेझिनची सूक्ष्म जाळी छापली आणि नऊशे अंशांवर तिचा ग्लासी कार्बन केला. तिच्या काड्या जेमतेम दोनशे नॅनोमीटर जाडीच्या. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या हिश्शाएवढ्या काडीतून वायूला बाहेर यायला कितीसा वेळ लागणार? त्यांचं रेझिन फिनोलिक नव्हतं, त्यामुळे जाळी ऐंशी टक्क्यांपर्यंत आखडली. तिथं वस्तू हवी त्याच्या पाचपट मोठी छापावी लागते.