नाकापासून हातभर अंतरावर

प्रदूषण म्हटलं की आपली मान वर जाते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी, हिवाळ्यात मुंबईच्या इमारतींवर साचलेला करडा थर. चुलीचा धूर बघायचा तर मात्र खाली बसावं लागतं. उभ्यानं वावरणाऱ्या माणसांना तो बराच काळ दिसलाच नाही.

तर बसू या. बाभळीचं अर्धवट ओलं सरपण, त्याखाली पऱ्हाट्या आणि गोवरीचा तुकडा. लाकूड पेटलं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा असते ती तापलेल्या लाकडातून सुटणाऱ्या वायूंची. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर मागे उरते बहुतांशी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. ओल्या लाकडात उष्णतेचा मोठा वाटा आधी पाणी आटवण्यातच जातो. वायू अर्धेकच्चे जळतात आणि जे जळायचं राहून गेलं तेच धूर होऊन बाहेर पडतं : काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड. फुंकणी मारली की धूर हटून जाळ का धरतो, याचं उत्तरही यातच आलं. फुंकणी म्हणजे हवा पुरवायचं साधं, हुशार यंत्र. पंचाईत इतकीच, की फुंकायचं तर तोंड चुलीजवळ न्यावं लागतं, आणि फुंकण्याआधी छातीभर श्वास आत घ्यावा लागतो.

हा श्वास मोजायचं डोकं कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं चालवलं. तोवर हवेचं प्रदूषण मोजायचं ते गाड्यांच्या, कारखान्यांच्या शहरात, अशीच रीत होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच नमुने घेणारी उपकरणं लावली. रांधताना त्यांच्या नाकाजवळच्या हवेत घनमीटरमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण निघाले. यात जाडी धूळही धरलेली आहे, त्यामुळे आजच्या पीएम २.५च्या, म्हणजे फक्त अतिबारीक कणांच्या, आकड्यांशी याची थेट तुलना नको. पण आपल्याकडचं पीएम २.५चं दिवसाचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा सोळावा-सतरावा हिस्सा. जाड धूळ वजा करूनही अंदाज येतो.

पुढे स्मिथ यांनी मांडलेला हिशेब मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. धूर किती सुटला यापेक्षा त्यातला किती कुणाच्या छातीत गेला, हे विचारा. उंच धुराड्यातून सुटलेला एक ग्रॅम धूर वाऱ्यावर पांगतो, पावसात धुपतो. माणसापर्यंत त्याचा कण-अंश पोचतो. तोच एक ग्रॅम बंद स्वयंपाकघरात सुटला तर माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता ढोबळमानानं हजार पट. म्हणून चूल कारखान्यापुढे क्षुल्लक दिसते आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरापायी २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली.

छातीत गेल्यावर काय होतं? पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस सहज मावतील. जाड धूळ नाकातल्या, घशातल्या चिकट स्रावाला अडकते. हे कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण काजळी काही पचत नाही. वर्षानुवर्षं दाह चालू राहतो, श्वासनळ्या आकसतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाची फुप्फुसंही शेकोटीच्या धुरानं काळवंडलेली निघाली; म्हणजे धूर जुनाच. श्वासनळ्या आकसून दम लागण्याच्या या जुनाट आजाराला आज सीओपीडी म्हणतात. धुराच्या घरात रांधणाऱ्या बायकांना तो होण्याचा धोका स्वच्छ इंधन वापरणाऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त असतो. दम लागतो म्हणून आलेल्या बाईला डॉक्टर सवयीनं विचारतात, ‘विडी-तंबाखू ओढता का?’ ती पदर तोंडाला लावून हसते. प्रश्नही चुकीचा नसतो आणि ‘नाही’ हे उत्तरही खरं असतं, पण कागदावर चूल येतच नाही.

यावर उपाय काय, हे वाटतं तितकं सरळ नाही. ग्वाटेमालात २००२ ते २००४ या काळात निम्म्या घरांना धुराडं असलेली चूल देऊन बघितली. बाळांच्या श्वासातला धूर जवळपास निम्म्यावर आला, तरी न्यूमोनियाच्या एकूण प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला. असं का, याचं एक कारण आलेखात आहे. शहरातली हवा, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, चूल आणि स्वतः ओढलेली सिगारेट हे सगळं एका रेघेवर मांडलं, तर धोका सुरुवातीला खड्या घाटासारखा चढतो आणि पुढे पठार लागतं. चुलीपाशी बसलेली बाई पठारावर असते. धूर निम्मा केला तरी ती पठारावरच थोडी अलीकडे सरकते. घाट उतरायचा तर धूर जवळजवळ संपवावाच लागतो.

आणि नेमकं तेच होत नाही. १ मे २०१६ला बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या औरंगाबादेत आठ कोटीवी जोडणी दिली गेली. वेग खरोखर दांडगा. पण २०१९-२० साली उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर लागत होते. तीन सिलिंडरांत वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. गॅस चहाला, पाहुण्यांना, घाईच्या वेळी. भाकरी आणि डाळ चुलीवर. ‘चुलीवरच्या भाकरीची चव’ हे कारण मला अर्धंच पटतं. चव खरी आहे, पण ढाब्याच्या पाटीवर ती मिरवणाऱ्यांना सिलिंडर परवडतो.

गॅस पूर्ण फुकट मिळाला तर? भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर हाही प्रयोग झाला. चुलीवरच रांधणाऱ्या बायकांच्या श्वासात पीएम २.५ सत्तर मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅस मिळालेल्या बायकांच्या श्वासात चोवीसच्या आसपास. बाळांच्या जन्मवजनात मात्र फरक पडला तो अवघ्या वीसेक ग्रॅमचा, नगण्य. २०२२ साली हे निकाल आल्यावर या क्षेत्रातले अनेकजण गप्प झाले. मला त्यातून गॅस निरुपयोगी आहे असं काही दिसत नाही. गरोदरपणातले पाच-सहा महिने आधीच्या पंधरा वर्षांचा धूर पुसून टाकतील, ही अपेक्षाच जरा जास्त होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली ५८.६ टक्के घरं स्वच्छ इंधनाची निघाली, खेड्यांत साधारण ४३ टक्के. प्रश्न होता स्वयंपाक कशावर करता हा. आंघोळीचं पाणी कशावर तापवता, हे त्या आकड्यात येत नाही. आणि आपल्या गावांत गॅस आलेल्या घरांच्याही परसात तीन दगड मांडलेले असतात. थंडीच्या पहाटे त्यावर काळाकुट्ट हंडा चढतो, ओल्या तुराट्या धुमसतात, आणि धूर भिंतीवरून शेजारच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत शिरतो. तिथे सूनबाई गॅसवर चहा ठेवत असते.