औषधांविषयीचे दिशाभूल करणारे इशारे : पार्श्वभूमी

गर्भवतींनी घेतल्यास बाळात व्यंग निर्माण करणारे थॅलिडोमाइड हे औषध १९६१ च्या अखेरीस बाजारातून काढले जाऊ लागले. दुष्परिणामांच्या पद्धतशीर नोंदी त्यानंतर रुजल्या आणि १९६८ मध्ये दहा देश त्या एकत्र करू लागले. अशी नोंद म्हणजे केवळ शंका असते, कारण सिद्ध झाल्याचा पुरावा नव्हे. समाजमाध्यमांवर नेमका हाच फरक पुसला जातो.

सर्दीच्या औषधांतील फेनिलप्रोपॅनॉलअमाइन या घटकामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये त्याची विक्री थांबवण्यास सांगण्यात आले. हा घटक असलेली औषधे टाळा, असे सांगणारा साखळी-ईमेल मुळात बराचसा खरा होता. पण त्यातली औषधे नव्या घटकांसह विकली जाऊ लागल्यावरही तो वर्षानुवर्षे तसाच फिरत राहिला. याउलट, २०१७ मध्ये आग्नेय आशियात पसरलेला, ‘पी-५००’ लिहिलेल्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत पॅरासिटामॉलच्या गोळीत रक्तस्रावी ताप आणणारा माचुपो विषाणू असल्याचा संदेश निव्वळ बनावट होता.

खरा गुंता झाला तो मार्च २०२० मध्ये. करोनाच्या तापात आयबुप्रोफेन हे ताप-वेदनेवरील दाहशामक औषध टाळावे, असे ट्विट फ्रान्सच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी १४ मार्चला केले. त्याच सुमारास, बहुतेक गंभीर रुग्णांनी आधी आयबुप्रोफेन घेतल्याचे व्हिएन्नातील विद्यापीठाला आढळले, असे सांगणारा ध्वनिसंदेश फिरत होता आणि विद्यापीठाने तो साफ नाकारला होता. दोन्हींचा रोख एकच असल्याने केवळ मजकुरावरून खरे-खोटे ठरवू पाहणाऱ्याची येथे पंचाईत होणारच होती. मंत्र्यांचा सल्ला अगदीच निराधार नव्हता, कारण आयबुप्रोफेनच्या गटातील दाहशामक औषधांनी काही जिवाणूसंसर्ग बळावू शकतात, असा इशारा फ्रान्समध्येच आदल्या वर्षी दिला गेला होता. शिवाय आधीपासून ही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, हेही ट्विटमध्ये होते. ध्वनिसंदेशाला मात्र ना तारीख होती, ना उत्तरदायी नाव. तरीही करोनासंबंधी ठोस पुरावा हाती नसताना मंत्र्यांनी असा सल्ला दोन-चार ओळींत देणे घाईचेच होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १७ मार्चला स्वतःहून आयबुप्रोफेन घेऊ नये असे सांगितले आणि लगेच, ते टाळण्याची शिफारस आपण करत नाही, असा खुलासा केला. त्यामुळे ‘टाळा’ म्हणणारे जुने कात्रण अधिकृत असूनही एक-दोन दिवसांतच कालबाह्य ठरले. पुढे त्याच वर्षी डेन्मार्कमधील ९,२३६ बाधितांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या औषधांचा मृत्यूशी किंवा आजार गंभीर होण्याशी संबंध आढळला नाही.