युनियनच्या वर्गणीतला राजकारणाचा पैसा थांबवायचाय? अमेरिकेत अर्ज का परत येतो, ते आधी वाचा

निवडणुकीचं वर्ष आलं की घरी युनियनचं चकचकीत पत्रक येतं, अमक्या उमेदवाराला आमचा पाठिंबा म्हणून. मग महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: हे माझ्या वर्गणीतून चाललंय का, आणि ते थांबवता येतं का? येतं. पण अर्ज केलेल्या बऱ्याच जणांच्या हाती नकाराचं पत्र पडतं आणि त्याची कारणं तीच तीच असतात. खासगी इस्पितळातल्या नर्स, विद्यापीठात टीए (शिकवण्यात मदतनीस) किंवा आरए (संशोधनात मदतनीस) असलेली आपली मुलं, शाळांमधल्या शिक्षिका, विमानतळावरचे मेकॅनिक, सगळेच यात अडकतात.

आधी पैशाचा प्रवास समजून घ्या. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यापासून युनियनला वर्गणीतला पैसा राष्ट्राध्यक्षपदाच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवाराला थेट देता येत नाही. त्यासाठी पॅक नावाचा वेगळा, ऐच्छिक निधी असतो. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचा ‘ड्राइव्ह’, यूएडब्ल्यू या वाहन कामगारांच्या युनियनचा ‘व्ही-कॅप’ हे असेच निधी. पण लॉबिंग (कायदे करणाऱ्यांचं मन वळवणं), सभासदांमधला प्रचार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर उमेदवारासाठी स्वतंत्रपणे केलेल्या जाहिराती, हे सगळं नेहमीच्या वर्गणीतून होऊ शकतं. त्यामुळे ‘मी पॅकवर सही केलेली नाही, म्हणजे माझा पैसा राजकारणात जात नाही’ हा समज चुकीचा आहे. हा पैसा बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने जातो, पण अगदी एकसुरी चित्रही नाही. २०२४ मध्ये टीमस्टर्सनी राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणालाच पाठिंबा दिला नव्हता.

एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. युनियनच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर खाली पॅकसाठी वेगळी चौकट आणि वेगळी सही असते. तिथे सही करू नका. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने अमेरिकी निवडणुकीसाठी पैसे देणं फेडरल कायद्याने बंद आहे, रक्कम पाच डॉलर असली तरी. ओरिएंटेशनच्या गडबडीत फोनवर खाली खाली सरकवत सगळीकडे सही ठोकणारी मुलं पाहिली आहेत, म्हणून इतकं सांगतोय. झाली असेल सही, तर पॅकची कपात कधीही लेखी कळवून बंद करता येते. त्यासाठी पुढची कुठलीच भानगड नाही.

आता पात्रता. तुमची नोकरी कुठल्या कायद्याखाली येते, यावर सगळं ठरतं.

सरकारी नोकरी असेल, म्हणजे सरकारी शाळा, राज्य विद्यापीठ, काउंटी वगैरे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जेनस निकालानुसार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय एक पैसाही कापता येत नाही. हरकतीचा अर्ज लागतच नाही, सभासदत्व सोडायचं आणि कपात थांबवायची. खासगी नोकरी टेक्सस, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा अशा ‘राइट टु वर्क’ राज्यात, म्हणजे जिथे युनियनला पैसे देण्याची सक्ती करता येत नाही तिथे, असेल तरी तेच. अशी सध्या २६ राज्यं आहेत. मिशिगनने आपला कायदा रद्द केला, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका. विमान कंपन्या आणि रेल्वे मात्र रेल्वे लेबर ॲक्टखाली येतात आणि राज्याचा ‘राइट टु वर्क’ कायदा त्यांना लागू होत नाही. डॅलसच्या विमानतळावरच्या मेकॅनिकला शेजारी सांगतात ‘टेक्ससमध्ये द्यावं लागत नाही’, तो पैसे थांबवतो आणि त्याची नोकरीच धोक्यात येते.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसेच्युसेट्स इथल्या खासगी नोकरीत करारात तशी अट असेल तर काहीतरी भरावंच लागतं. खासगी विद्यापीठांतले टीए-आरएसुद्धा यात आले, कारण २०१६ च्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात एनएलआरबीने, म्हणजे राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने, त्यांना कामगार मानलं. इथे उपयोगी पडतो तो सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा बेक निकाल. मेरीलँडमधल्या टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या त्या खटल्यात, वर्गणीच्या २१ टक्क्यांहून जास्त रक्कम वाटाघाटी आणि प्रतिनिधित्वावर खर्च होते हे युनियनला सिद्ध करता आलं नव्हतं. तेव्हापासून बिगर-सभासदाने हरकत घेतली तर त्याच्याकडून फक्त वाटाघाटी, करार, तक्रार निवारण यांचाच खर्च घेता येतो. लॉबिंगचा खर्चही त्याच्या माथी मारता येत नाही, असं एनएलआरबीने २०१९ मध्ये सांगितलं.

‘बिगर-सभासदाने’ हा शब्द पुन्हा वाचा. निम्मे अर्ज इथेच पडतात. न्यू जर्सीतल्या एका नर्सताईंनी अगदी नीटनेटकं हरकतपत्र पाठवलं, आणि दोन ओळींचं उत्तर आलं: आपण सभासद आहात, अर्ज विचारात घेता येत नाही. सभासद राहून बेकची हरकत घेता येत नाही. आधी राजीनामा, मग हरकत. राजीनामा कधीही देता येतो, युनियन अडवू शकत नाही. पण त्यानंतर कराराच्या मतदानात, संपाच्या मतदानात, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत तुम्हाला मत नाही. प्रतिनिधित्व मात्र युनियनला तुमचंही करावंच लागतं. महिन्याला थोडे डॉलर वाचवण्यासाठी पगारवाढीच्या करारावरचं मत सोडायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नर्सताईंना शांतपणे विचार करा म्हटलं. त्यांनी शेवटी राजीनामा दिला. त्यांच्याच वॉर्डातल्या दुसरीने हिशेब करून दिला नाही.

म्हणजे गोष्टी तीन आहेत: सभासदत्वाचा राजीनामा, राजकीय खर्चाला हरकत आणि पगारातून होणाऱ्या कपातीची परवानगी मागे घेणं. पहिल्या दोन एकाच पत्रात लिहिता येतात. तिसरी वेगळी ठेवा आणि तिची प्रत पगार विभागालाही द्या. पत्रात नाव, पत्ता, कंपनी, कर्मचारी क्रमांक, लोकलचा (युनियनच्या स्थानिक शाखेचा) क्रमांक आणि स्पष्ट शब्दांत मागणी, बास. युनियनची नालस्ती लिहू नका. पत्र युनियनच्या नियमात दिलेल्या पत्त्यावर पाठवायचं. बऱ्याचदा तो राष्ट्रीय कार्यालयाचा असतो, लोकलचा नव्हे, आणि एचआरचा तर कधीच नसतो. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा.

हा पत्ता सापडायचा कुठे? युनियनने बेकच्या हक्काची सूचना द्यायलाच हवी, पण ती मासिकाच्या मागच्या पानावर बारीक टाइपात किंवा वेबसाइटच्या तळाशी असते. केंद्र सरकारची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवर कामाच्या जागी या हक्काचा फलक लावण्याची सक्ती थोरल्या बुशनी १९९२ मध्ये केली, क्लिंटननी १९९३ मध्ये काढली, धाकट्या बुशनी २००१ मध्ये आणली, ओबामांनी २००९ मध्ये पुन्हा काढली. सरकार बदललं की भिंतीवरचा कागद बदलतो, आणि कामगाराला आपला हक्क व्हॉट्सॲपवरून कळतो.

तिसऱ्या गोष्टीसाठी लागतो तो कागद जो कुणाकडेच नसतो: नोकरी लागताना सही केलेलं कपातीचं परवानगीपत्र. युनियनकडे आणि पगार विभागाकडे लेखी मागा. खासगी नोकरीत ही परवानगी जास्तीत जास्त एक वर्ष किंवा करार संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, मागे घेता येत नाही अशी असू शकते. नंतर ती आपोआप वाढते, आणि मधे एक छोटी खिडकी, म्हणजे ती मागे घेण्याची मुदत, उघडते. एका नेहमीच्या मजकुरात ‘वर्ष संपण्याच्या कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ७५ दिवस आधी’ असं असतं. लोक ते ‘शेवटच्या ६० दिवसांत’ असं वाचतात आणि नेमकी खिडकी बंद झाल्यावर पत्र टाकतात. वर्ष १ सप्टेंबरला संपत असेल, तर या मजकुराप्रमाणे पत्र १८ जून ते ३ जुलै यातच जायला हवं. वर्ष रुजू झाल्याच्या नव्हे, बहुतेकदा सहीच्या तारखेपासून मोजतात. पत्र टाकल्याची तारीख धरतात की पोचल्याची, हेही कार्डावरच, म्हणजे त्या परवानगीपत्रावर, पाहा. सरकारी नोकरांना वाटतं, जेनसनंतर ही खिडकी गेली. नाही गेली. सही केलेल्या कार्डाच्या अटी कोर्टांनी बऱ्याच ठिकाणी कायम ठेवल्या आहेत.

हरकतीसाठीही काही युनियन वर्षातला एखादा महिना ठरवतात. पण त्या महिन्यानंतर राजीनामा दिलेल्याला ‘पुढच्या वर्षी या’ सांगता येत नाही, हे एनएलआरबीने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. असं उत्तर आलं तर गप्प बसू नका.

धार्मिक कारण असेल तर वाट वेगळी. तेवढीच रक्कम एखाद्या बिगर-धार्मिक धर्मादाय संस्थेला देण्याची सोय कायद्यात आहे. ‘मला हे राजकारण पटत नाही’ हे मात्र धार्मिक कारण नव्हे.

हरकत मान्य झाली की युनियनने खर्चाचा तपशील द्यायचा असतो. त्याची तुलना लोक कामगार खात्याच्या साइटवरच्या एलएम-२, म्हणजे युनियनच्या वार्षिक जमाखर्चाच्या, अहवालाशी करतात. त्यातलं परिशिष्ट १६, म्हणजे राजकीय खर्च आणि लॉबिंग, जरूर पाहा. पण तिथला आकडा आणि तुमची कपात जुळेलच असं नाही, कारण दोन्हींचा हिशेब वेगळा असतो. फक्त राज्य किंवा स्थानिक सरकारी नोकरांच्या युनियनला तर हा अहवाल भरावाच लागत नाही, तेव्हा तो सापडला नाही म्हणून लपवाछपवी समजू नका. युनियनचा आकडा पटला नाही तर तिच्या नियमांप्रमाणे आव्हान द्या. आधी कापलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आणि युनियनने दादच दिली नाही तर एनएलआरबीच्या विभागीय कार्यालयात तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. मुदत घटनेपासून सहा महिने, आणि ‘पुन्हा पत्र पाठवून पाहू’ म्हणत तीच हातची जाते. फॉर्म ५०८ भरायचा. साइटवर आधी ५०१ दिसतो, तो मालकाविरुद्धचा असतो.