खाणीतलं पाणी कुठवर आलंय: लेव्हल सेन्सरची पार्श्वभूमी

खाणीतला लेव्हल सेन्सर म्हटलं की आपल्याकडे आधी संपमधला, म्हणजे खाणीतलं पाणी गोळा होतं त्या खड्ड्यातला, तरंगणारा फ्लोटच आठवतो, पाणी वाढलं की पंप चालू, उतरलं की बंद. नंतर इलेक्ट्रोड आले, पाणी रॉडला टेकलं की सर्किट पूर्ण होतं, फक्त गॅसी खाणीत ते इतक्या कमी करंटवर चालवावं लागतं की ठिणगीनं मिथेन पेटू नये. हे सगळं लावलं होतं पंपासाठी, कोरडा चालून जळू नये आणि संप ओसंडू नये म्हणून. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीत किती पाणी साठलंय हे त्यातून कधीच कळत नव्हतं आणि माणसं गेली ती याच साठलेल्या पाण्यानं.

27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाला इथे वरच्या जुन्या वर्किंगमधलं, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या भागातलं, पाणी खाली घुसलं, 375 माणसं गेली. 1989 च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत तेच, तिथे वरून बोअर मारून कॅप्सूलनं, म्हणजे माणूस मावेल अशा पोलादी पिंजऱ्यानं, 65 जण बाहेर काढले, 6 जण वाचले नाहीत. 2001 च्या फेब्रुवारीत झरियातल्या बागडिगी खाणीत 29 जण गेले. या तिन्ही ठिकाणी खाणवाल्यांना जवळ जुनं वर्किंग आहे हे ठाऊक होतं, म्हणजे माहितीच नव्हती असं म्हणायला जागा नाही.

मग अडलं कुठे? माझ्या मते 60 मीटरच्या नियमात. 1957 च्या कोळसा खाण नियमांत असं होतं की जुन्या वर्किंगच्या 60 मीटरच्या आत काम न्यायचं तर लेखी परवानगी हवी, ते वर्किंग तपासून त्यात पाणी नाही अशी खात्री झालेली असेल तर गोष्ट वेगळी. परवानगी मिळाली की पुढे बोअर मारत मारत जायचं. नियम चुकीचा नाही, पण हे 60 मीटर मोजायचे कशावर, तर नकाशावर. आणि नकाशा म्हणजे खाण बंद करताना ज्यानं शेवटचा सर्व्हे केला त्याच्यावर टाकलेला विश्वास, शेवटचे काही महिने कोळसा काढला आणि नकाशावर चढवलाच नाही तर पुढच्या पिढीला तो भाग अख्खा बॅरियर, म्हणजे दोन खाणींच्या मध्ये न कापता ठेवलेली कोळशाची भिंत, दिसणार. कायद्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की 60 मीटर धरले तेच नकाशातली चूक पोटात घालायला, आणि तो मुद्दा खरा आहे. पण परवानगी घेऊन अंतर कमी केलं की ती सूटच आपण खाऊन टाकतो, पलीकडचं पाणी मात्र होतं तिथेच असतं. 10 मीटर पाण्याचा दाब साधारण एक किलो दर चौरस सेंटीमीटर, म्हणजे पलीकडे 60 मीटर उंच पाणी उभं असेल तर बॅरियरच्या तळाला प्रत्येक चौरस मीटरवर 60 टन. ही उंची कळायला जुन्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत, वजन बांधलेली टेप सोडायचे, पण जुनी वर्किंग आतून तुटलेली असतील तर एका शाफ्टची लेव्हल दुसऱ्या भागाला लागूच होत नाही.

अमेरिकेतही हेच झालं. जुलै 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वीक्रीक खाणीत नकाशाप्रमाणे जुनी खाण साधारण 300 फूट लांब होती आणि मशीन थेट तिच्यात घुसलं. अडकलेले 9 जण वाचले त्यात पाण्याच्या पातळीचा मोठा वाटा होता, कारण हवेचा जो कप्पा त्यांना धरून होता तो कॅप्सूलचं भोक उघडताच फुटला असता आणि पाणी वर चढलं असतं, म्हणून आतली लेव्हल ठरलेल्या खुणेखाली जाईपर्यंत वर सगळे खोळंबले होते.

धनबादजवळच्याच गॅसलितांड खाणीचं प्रकरण वेगळं, 1995 च्या सप्टेंबरात कतरी नदीचं पाणी खाणीत शिरलं आणि 64 जण गेले. खाणीचं तोंड महापुराच्या सगळ्यात वरच्या रेषेपेक्षा दीड मीटर तरी उंच हवं असा नियम, पण ती रेषा म्हणजे आजवर आलेला पूर, उद्याचा नाही. वर्धा नदीकाठच्या आपल्या चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातल्या खाणींना हे चांगलंच लागू पडतं, तिथे नदीवर वरच्या अंगाला पाण्याची पातळी वरून रडारनं मोजणारा गेज हवा आणि त्याचा अलार्म मॅनेजरच्या खोलीत न थांबता थेट फेसवर, म्हणजे कोळसा कापतात तिथे, वाजायला हवा.

आता दाब मोजणारे पिझोमीटर जमिनीवरून बोअर मारून जुन्या वर्किंगमध्ये सोडता येतात आणि पातळी सतत वर दिसते. पातळी चढत असेल तर बॅरियरवरचा भार वाढतोय. अचानक उतरली तर जास्त घाबरायचं, पंप बंद असताना पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी वाट काढतंय. 2017 ला नवे नियम आले, पण मेघालयात 2018 च्या डिसेंबरात क्सान गावच्या रॅट-होलमध्ये, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणीत, 15 जण अडकले तेव्हा आजूबाजूच्या जुन्या बिळांचा धड नकाशाच नव्हता, कितीही पंप लावले तरी पातळी हलेना. अशा जागी आधी बोअर मारून पाणी आहे की नाही ते बघावं लागतं, सेन्सर त्यानंतर.