सार्वजनिक बससेवेतील नवे तंत्रज्ञान (नागपूर शहर व ग्रामीण)

नागपूर शहर आणि जिल्ह्याची सार्वजनिक वाहतूक मुख्यतः तीन सेवांवर चालते : महामेट्रो, महानगरपालिकेची ‘आपली बस’ आणि राज्य परिवहन महामंडळाची एसटी. नवे तंत्रज्ञान तिन्हींत आले, पण सारख्या वेगाने रुळले नाही. गाडी रात्री कुठे उभी राहते, यावर बरेच काही ठरते. शहर बस रोज आगारात परतते. एसटीची मुक्कामी गाडी गावातच थांबते आणि पहाटेची पहिली फेरी तिथूनच सोडते.

मेट्रोत अडचण सर्वांत कमी. मार्च २०१९ मध्ये खापरी–सीताबर्डी मार्ग सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. स्थानकातले फाटक जागचे हलत नाही आणि त्याला वीज व नेटवर्क कायम मिळते. म्हणून क्यूआर तिकीट आणि महाकार्ड (मेट्रोचे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड) तिथे सहज चालतात.

बसमधले तिकीट यंत्र मात्र वाहकाच्या खांद्यावर फिरते. कामावर निघताना वाहक आगारातून यंत्र, कागदाचे जादा रोल आणि यंत्र बंद पडल्यास वापरायची छापील तिकिटे घेतो. स्वतःचा क्रमांक टाकून तो फेरी उघडतो. एसटीचे भाडे ६ किमीच्या टप्प्यावर आकारले जाते, त्यामुळे गाडी पुढे जाईल तसा यंत्रातला टप्पाही पुढे सरकवावा लागतो. गर्दीत नेमके हेच राहून जाते. मग मधल्या थांब्यावर चढलेल्या प्रवाशाला मागच्या थांब्यापासूनचे भाडे पडते आणि वाद होतो. फेरी बंद केल्यावर यंत्र हिशेब छापते, त्यावरून रोकड भरली जाते.

भाडेवाढीच्या दिवशी मुक्कामी गाडीचा प्रश्न उघडा पडतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. अशा वेळी प्रत्येक यंत्रात नवी भाडेसारणी भरावी लागते. आदल्या संध्याकाळी गावाकडे गेलेल्या यंत्राला नेटवर्क मिळाले नाही, तर सकाळी ते जुनेच भाडे छापते. म्हणून सारणी आधीच भरून ती ठरलेल्या तारखेला आपोआप लागू होईल, अशी सोय यंत्रात असायला हवी. रात्री वीज गेली तर बॅटरीही अर्धीच भरते. मुक्कामी वाहकाकडे जादा बॅटरी देणे हा साधा पण खात्रीचा उपाय आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा यंत्र आणि रोल इंजिनाजवळ किंवा काचेपाशी ठेवू नयेत. रोलचा थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो आणि तिकीट वाचता येत नाही.

सवलतीचे तिकीट योग्य प्रकारातच काढावे लागते. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे. ज्येष्ठाचे तिकीट शून्य रुपयांचे असले तरी ते छापणे आवश्यक असते, कारण शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती याच नोंदींवर ठरते. ‘आजोबा, बसा तसेच’ म्हणणारा वाहक भल्या मनाने एसटीचेच नुकसान करतो.

यूपीआयमुळे सुट्या पैशांची कटकट कमी झाली. तरी खात्यातून पैसे गेले आणि यंत्रावर पैसे मिळाल्याची खात्री आली नाही, असे कमी नेटवर्कच्या पट्ट्यात घडते. गणेशपेठ किंवा मोरभवन स्थानकावरून गाडी हलण्याआधीच अशी तिकिटे काढणे चांगले.

जीपीएस यंत्र नेटवर्क नसताना जागेची नोंद साठवते आणि नंतर पाठवते. त्यामुळे रामटेकपलीकडच्या जंगलपट्ट्यातली गाडी नकाशावर एकाच जागी थांबलेली दिसू शकते. नियंत्रकाने शेवटच्या नोंदीची वेळ पाहिल्याशिवाय ती बंद पडली असे समजू नये.

इंधनाचेही असेच. २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवरची शहर बस धावली. तिच्या ईडी९५ इंधनात सुमारे ९५ टक्के इथेनॉल असते, आणि ते साध्या पंपावर मिळत नाही. विजेच्या बसला आगारातला चार्जर लागतो, उन्हाळ्यात वातानुकूलनामुळे तिचा पल्लाही घटतो. एकाच मुक्कामी गाडीसाठी गावात चार्जर बसवणे परवडत नाही. म्हणून रात्री आगारात परतणाऱ्या फेऱ्या आधी विजेवर न्याव्यात आणि मुक्कामी फेऱ्या तोवर डिझेलवर ठेवाव्यात.