पार्श्वभूमी : अग्निशामकाचे निवृत्तिवेतन आणि २००५ ची रेघ

नाशिक महापालिकेच्या शिंगाडा तलाव येथील मुख्यालयातून निवृत्त होणाऱ्या फायरमनला आगीशी झुंजल्याबद्दल वेगळे निवृत्तिवेतन मिळत नाही. घरपट्टी विभागातील लिपिकाला जे नियम, तेच त्यालाही. हे नियम राज्याचे असून ते १५ ऑगस्ट १९८२ रोजी अमलात आले, आणि महापालिका त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला स्थापन झाली. त्याआधीच्या नगरपालिकांच्या काळात बंबावर राबलेल्यांची पिढी आता जवळपास सरली आहे. त्यानंतरच्यांना अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेण्याची सोय) आणि पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन अशी ठरलेली चौकट लाभली.

ही चौकट १ नोव्हेंबर २००५ रोजी दुभंगली. त्या दिवशी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना राज्याने परिभाषित अंशदान योजनेत घातले आणि पुढे तिचे रूपांतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत (एनपीएस) झाले. वेतनातून दहा टक्के कपात, तेवढाच मालकाचा हिस्सा (तो पुढे राज्याने चौदा टक्क्यांवर नेला) आणि निवृत्तीच्या वेळी बाजारात जे साठले असेल ते. टेबलावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न म्हातारपणाचा असेल. फायरमनचा प्रश्न त्याहून आधीचा आहे, कारण त्याने निवृत्तीपर्यंत पोहोचणेच गृहीत धरता येत नाही. जुन्या नियमांत सेवेत मृत्यू आला तर घरच्यांना दरमहा काहीतरी मिळत असे. नव्या योजनेने नेमका हाच आधार काढून घेतला, आणि सेवेची दहा वर्षे होण्याआधी मृत्यू आल्यास दहा लाखांचे सानुग्रह अनुदान देण्याची तरतूददेखील उशिरा, २०१८ मध्ये झाली. कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान यांचा लाभ या कर्मचाऱ्यांना देण्याचा निर्णय मार्च २०२३ अखेरीस, म्हणजे राज्यव्यापी संप मिटल्यानंतर आला. मधली सतरा वर्षे हा धोका ज्याचा त्यानेच पत्करला होता, असेच म्हणावे लागते.

दुसरा गुंता ‘नियुक्ती’ या शब्दाचा आहे. सेवापुस्तकात हजर झाल्याचा दिनांक नोंदलेला असतो. भरतीची जाहिरात कधी निघाली, हे त्यावरून कळत नाही. फायरमनच्या भरतीत शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी यांत महिने जातात. त्यामुळे २००५ च्या उन्हाळ्यात अर्ज केलेला उमेदवार डिसेंबरमध्ये रुजू झाला, तर दोष त्याचा नसूनही रेघेपलीकडे तोच पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जाहिरातीचा दिनांक ग्राह्य धरून अशा कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय दिला. तो शासकीय कर्मचाऱ्यांसाठी होता; महापालिकेचे निवृत्तिवेतन तिच्याच निधीतून जाते, म्हणून राज्याचा निर्णय आणि बंबावरच्या माणसाचे सेवापुस्तक यांच्यामध्ये ठराव, मंजुरी आणि निधी अशा पायऱ्या उरतात.

रेघेपलीकडच्या पिढीचे बहुतेक जण अजून सेवेतच आहेत. पंचविशीत २००६ साली रुजू झालेला फायरमन अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३९ मध्ये निवृत्त होईल. तोवर २०२७ चा कुंभमेळा त्याच्याच बंदोबस्तात पार पडलेला असेल.